सासूबाईंच्या चालीने बिदर

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी गेली सत्तावीस वर्षे एक सल्ला न चुकता देत आले आहे: रोज चालत जा. औषधांच्या चिठ्ठीवरची शेवटची ओळ बहुधा तीच असते. असे असूनही गेल्या वर्षी जवळजवळ आठ महिने माझ्या स्वतःच्या घरात मी एका ऐंशी वर्षांच्या बाईंना चालू दिले नव्हते. त्या माझ्या सासूबाई.

न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून त्या पडल्या आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हातही सावकाश बरा झाला. घरातल्या माणसांच्या मनात बसलेली भीती मात्र निघाली नाही. सकाळी कोपऱ्यावरून दूध आणणे बंद झाले. देवळात जाणे बंद झाले. सायंकाळची फेरी गच्चीवर होऊ लागली आणि तीही कुणी सोबत असेल तरच. "आई, तुम्ही उठू नका, मी देते," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, याची मोजदाद नाही.

या काळजीचा परिणाम मला दिसायला हवा होता. खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार लागू लागला होता. मांड्यांचे स्नायू वापरले नाहीत की वृद्धापकाळी ते फार लवकर झिजतात. पाय दुर्बळ झाले की तोल जातो आणि तोल गेला की भीती अधिक वाढते. पडण्याची भीती माणसाला बसवून ठेवते आणि बसून राहिल्याने पडण्याचा धोका वाढतो, हे चक्र मी दुसऱ्यांच्या मुला-सुनांना अनेकदा समजावून सांगितले आहे. आपल्या घरात ते फिरत असताना मला ऐकू आले नाही.

एका संध्याकाळी त्या सहज म्हणाव्या तसे म्हणाल्या, "मला एकदा बिदरला ने. पुन्हा सांगणार नाही."

मधल्या काळातले शहर

सासूबाईंचे बालपण बिदरचे. वडील तिथे सरकारी कचेरीत कारकून होते. त्या वेळचा बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले आणि बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. वडिलांनी उदगीरला बदली घेतली. सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या बिदरला गेल्या नव्हत्या.

लातूरहून उदगीरमार्गे बिदर तीनएक तासांच्या रस्त्यावर आहे. उदगीर मागे पडले की माती बदलू लागते. काळी जमीन सरते आणि तांबड्या जांभ्या दगडाचे पठार सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीच्या या पठाराच्या कडेवर बिदर वसले आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहाने आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथे आणली. उत्तरेला किल्ला, त्याला लागून दक्षिणेला तटबंदीचे शहर, तटाला शाहगंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन आणि तालघाट या नावांचे दरवाजे, असा त्याचा विस्तार आहे. मराठी माणसाला हे गाव 'बेदर' या नावाने कीर्तनातून ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्या रयतेला खुले केले आणि विठ्ठलाने साध्या सेवकाचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात त्या धान्याचे मोल भरले, ही कथा ज्याने ऐकली नाही असा ज्येष्ठ वाचक विरळाच.

निघण्यापूर्वी मी दोन दिवसांचा कार्यक्रम आखला होता. पहिल्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी अष्टूरच्या बहमनी समाध्या, सायंकाळी गुरुद्वारा नानक झिरा साहिब. दुसऱ्या दिवशी जुने शहर, नौबादची भुयारी कालव्याची जागा आणि परत. गोळ्यांची डबी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, काठी, घडीची खुर्ची, सारे गाडीत होते. ज्यांच्यासाठी हा प्रवास होता, त्यांना काय पाहायचे आहे, एवढे विचारायचे राहून गेले.

पहिला दिवस: माझा कार्यक्रम

बिदरचा किल्ला पाहताच त्याच्या बांधणाऱ्यांनी दगडाशी किती निकराने झुंज घेतली असेल, हे कळते. तटाबाहेर खडक खोदून केलेला खंदक आहे आणि त्याच्या काही भागात मध्ये खडकाच्याच भिंती राखून तो तिहेरी केला आहे. शर्झा दरवाजावर दगडात कोरलेले वाघ आहेत. त्यापुढे घुमटाचा भव्य दरवाजा आहे, गुंबद दरवाजा. त्याच्या कमानीखाली आम्ही शिरलो आणि मी पहिली चूक केली. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार, पायाखाली घासून गुळगुळीत झालेली फरसबंदी, आणि मी त्यांचा हात धरून त्याच गतीने पुढे चालत राहिले. त्या जागीच थांबल्या. "जरा दम धर. मला काही दिसत नाहीये."

वयाबरोबर डोळ्याला उजेडातून अंधारात रुळायला तरुणापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी हे पूर्णपणे सुटत नाही. जुन्या वास्तूंमध्ये ऊन-सावलीचा हा खेळ पावलोपावली असतो आणि पायऱ्या बहुधा त्या सीमारेषेवरच असतात. दारातून आत गेल्यावर भिंतीला हात लावून मिनिटभर उभे राहावे, मग पुढचे पाऊल टाकावे. हे मला ठाऊक होते. पण कार्यक्रम घड्याळावर चालला होता.

रंगीन महालाला कुलूप होते, ते रखवालदाराने काढून दिले. सोळाव्या शतकात अली बरीदने नव्याने सजवलेला हा लहानसा महाल आहे. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली नक्षी, कोरीव लाकडी खांब, भिंतीवर रंगीत फरश्या, असे सगळे त्या मोजक्या दालनांत दाटलेले आहे. सासूबाई शिंपल्यांच्या वेलीपुढे उभ्या राहिल्या. त्यांना तिथे अजून थांबायचे होते, हे मला आता कळते. तेव्हा मी म्हणाले, "आई, अजून बरेच पाहायचे आहे."

तिथून सोळा खांब मशीद. १४२३-२४ सालची, बिदरमधल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक. नाव सोळा खांबांचे असले तरी आत खांब त्याहून कितीतरी अधिक आहेत आणि सुमारे ३०० फूट लांबीच्या त्या दालनात जाड, गोल खांबांच्या रांगा एकामागून एक सावलीत उभ्या आहेत. साडेअकरा वाजले होते. त्या बाहेरच्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने मी म्हणाले, "चला." त्या उठल्या आणि उठताच त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे होते.

त्यांना पुन्हा बसवले. यंत्र काढले. बसलेल्या स्थितीत रक्तदाब १३०/७८ होता. हळूच उभे करून दोन मिनिटांनी मोजला, तो १०२/६६. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला, किंवा खालचा १० किंवा त्याहून अधिक, तर त्याला आम्ही स्थितिजन्य रक्तदाब-घसरण म्हणतो. वृद्धांच्या पडण्याचे हे एक मोठे आणि बहुधा न तपासलेले कारण आहे.

"आई, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

त्या क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा घेतला ना निघताना."

"आणि पाणी?"

"अगं, पाणी प्यायलं की जावं लागतं. इथं कुठं जाणार? तुम्हाला सगळ्यांना थांबवायचं, शोधायचं… त्यापेक्षा नको."

पहाटे साडेपाचला घेतलेल्या एका कप चहावर त्या सहा तास चालत होत्या. रक्तदाबासाठी मीच सुरू केलेल्या त्यांच्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणारे औषध होते. सकाळी ती गोळी मीच आठवणीने दिली होती. वय वाढले की तहानेची जाणीवही मंदावते. त्यामुळे तहान लागली नाही म्हणून शरीराला पाणी नको आहे, असा अर्थ होत नाही. प्रवासात पाणी टाळणाऱ्या स्त्रिया मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्यांची लघवीची जळजळ, चक्कर, बद्धकोष्ठता यांवर औषधे लिहून दिली आहेत. त्या न सांगता का सोसतात, हे त्या दिवशी सोळा खांबांच्या सावलीत मला उमगले. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, एवढेच त्यांना वाटत असते.

मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले. तासाभराने आम्ही मुक्कामाच्या जागी परतलो. अष्टूर राहिले, झिरा साहिबही राहिले. सायंकाळी रक्तदाब पुन्हा मोजला, तेव्हा बसलेल्या आणि उभ्या स्थितीत ८ चाच फरक होता.

रात्री जेवण झाल्यावर मी विचारले, "आई, उद्या तुम्हाला काय पाहायचं आहे?"

त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "चौबाऱ्यापासून मदरशापर्यंत चालायचंय. दादा रविवारी न्यायचे. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल." 'दादा' म्हणजे त्यांचे वडील. "आणि गाडी नको. गाडीतून गेलं की ते अंतर कळत नाही."

दुसरा दिवस: त्यांची चाल

सकाळी साडेसात वाजता आम्ही चौबाऱ्याशी उभ्या होतो. माझ्या यजमानांनी आम्हांला तिथे सोडले आणि मदरशाजवळ गाडी घेऊन थांबायचे ठरवले. आदल्या रात्रीपासून सासूबाईंनी वेळच्या वेळी पाणी प्यायले होते. मी वाटेतल्या एका स्वच्छ हॉटेलात जाऊन आधीच बोलून ठेवले होते. मालकाने अगत्याने स्वच्छतागृह दाखवले. ही चौकशी करायला मला पाच मिनिटे लागली. आदल्या दिवशी ती केली असती तर चक्करच आली नसती.

चौबारा म्हणजे जुन्या शहराच्या चार मुख्य रस्त्यांच्या छेदावर उभा असलेला गोल बुरूज. उंची ७१ फूट, आतून वर जायला ८० पायऱ्यांचा वळणाचा जिना. टेहळणीसाठी बांधलेल्या या बुरुजावरून तटाबाहेरचे सपाट पठार लांबवर दिसत असले पाहिजे. वरचे घड्याळ नंतरच्या काळातले. चारही रस्त्यांवरून येणाऱ्याला तो समोर दिसतो, त्यामुळे या शहरात हरवणे कठीण. शाळेत असताना सासूबाई मान वर करून इथली वेळ पाहत आणि मग धावत सुटत. आताही त्यांनी मान वर केली. मी नकळत त्यांच्या पाठीशी हात धरला, कारण मान एकदम मागे टाकली की वृद्धांचा तोल जातो. उंच इमारत पाहायची तर जवळ उभे राहून मान मोडण्यापेक्षा थोडे दूर जाऊन, पाय किंचित फाकवून पाहावी.

"हात काढ," त्या म्हणाल्या. मी काढला.

चौबाऱ्यापासून उत्तरेला किल्ल्याकडे जाणारा रस्ता धरला. मदरसा इथून फार तर अर्धा किलोमीटर. त्यापुढे साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक चालले की किल्ला. हे शहर पायी चालणाऱ्यांसाठी वसवलेले आहे, हे पायी चालले तरच लक्षात येते. राजवाडा, विद्यालय, बाजार, टेहळणीचा बुरूज, सारे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. जुन्या घरांना आणि दुकानांना पुढे ओटे आहेत. दमलेल्या माणसाने टेकावे, पाणी मागावे, दोन शब्द बोलावे, ही सोय बांधणीतच आहे. नव्या शहरांत आपण रस्ते रुंद केले आणि बसायच्या जागा काढून टाकल्या. ज्येष्ठ माणूस घराबाहेर का पडत नाही, याचे एक उत्तर त्यातही आहे.

काठी त्यांनी उजव्या हातात धरली होती, कारण दुखरा गुडघा डावा आहे. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे असतात. हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या घडीशी मूठ यावी, एवढी तिची उंची हवी. अनेक जण घरात पडून असलेली, कुणा दुसऱ्याच्या उंचीची काठी वापरतात आणि मग खांदा दुखतो म्हणून ती टाकून देतात.

मी त्यांच्या अर्धे पाऊल मागे चालत होते. त्या थांबल्या की थांबायचे, एवढाच नियम. पहिल्यांदा त्या एका किराणा दुकानापुढे थांबल्या, दुसऱ्यांदा एका बोळाच्या तोंडाशी. "इथून आत गेलं की आमचं घर होतं," त्या म्हणाल्या. आत जाऊ या का, असे मी विचारले. त्यांनी बोळात पाहिले आणि मान हलवली. "तिथं आता दुसऱ्यांचा संसार असेल."

तिसऱ्यांदा एका बिदरी कारागिराच्या दारात. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू ओतायची, छिन्नीने नक्षी खोदायची, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागराबरोबर उकळून त्या पाण्यात वस्तू घालायची. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकत राहते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. साठीचे ते कारागीर मांडी घालून छिन्नी चालवत होते. त्यांनी न सांगता स्टूल पुढे सरकवले. सासूबाई दखनीत बोलू लागल्या आणि मी थक्क झाले. पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ही बोली ऐकली नव्हती. त्यांच्या आईचे बिदरी पानदान, त्यावरची वेल, ते कुणाकडे गेले, असे काहीबाही दोघांचे चालले होते. दहा मिनिटे बसणे झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दमल्याची खूण नव्हती. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर ती गती आपल्याला मानवते. वाक्य तुटू लागले, श्वासासाठी मध्येच थांबावे लागले, तर बसावे. छातीत दडपण, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दुखणे, असाधारण धाप किंवा घाम आला तर मात्र नुसते बसून भागत नाही. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

पुढे तख्त-ए-किरमानीचे जुने प्रवेशद्वार लागले. इराणातल्या किरमानहून आलेल्या सूफी घराण्यातील खलीलुल्ला यांच्या आसनाशी त्याचे नाव जोडलेले आहे. कमानीवरच्या चुन्यातील नक्षीपुढे त्या चौथ्यांदा थांबल्या. त्यानंतर हॉटेलातला थांबा, चहा आणि ग्लासभर पाणी.

महमूद गावानचा मदरसा

आणि मग घरांच्या ओळी संपून तो एकदम समोर आला. एका बाजूला गगनात गेलेला एकच मिनार, दुसऱ्या बाजूला मिनाराची रिकामी जागा.

१४७२ मध्ये पूर्ण झालेले हे विद्यालय बहमनी वजीर महमूद गावानने बांधले. इराणातील गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून तो दख्खनमध्ये आला तेव्हा त्याचे तारुण्य मागे पडले होते. राज्यकारभारात त्याने चार सुभ्यांचे आठ केले, जमिनीची मोजणी करवली आणि बिदरला ही तीन मजली वास्तू उभारली. सुमारे २०५ फूट लांब, १८० फूट रुंद. मधे प्रशस्त चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या खोल्या, वर्गदालने, ग्रंथालय. त्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, असे सांगितले जाते. दर्शनी भागावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या चकचकीत फरश्यांची नक्षी होती. तिचे तुकडे अजून भिंतीला आणि मिनाराला चिकटून आहेत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते काल बसवल्यासारखे दिसतात.

पुढे नऊच वर्षांनी, १४८१ मध्ये, दरबारातील विरोधकांनी त्याच्या मुद्रेचे खोटे पत्र रचले. सुलतानाने शहानिशा न करता सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा शिरच्छेद करवला. वर्षभरात सुलतानही गेला आणि काही दशकांत बहमनी राज्याची पाच शकले झाली. मदरसा मात्र चालू राहिला. औरंगजेबाच्या काळात सैन्याने तो ताब्यात घेतला. आत साठवलेल्या दारूगोळ्याचा सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट झाला आणि त्यात एक मिनार, दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक कोपरा गेला.

आत जायला उंच जोते चढावे लागते. जुन्या वास्तूंच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. एक वीतभर, दुसरी गुडघाभर. चढताना आधी बरा पाय वर ठेवायचा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकायचा, हा साधा क्रम. ज्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे त्यांना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, म्हणून हनुवटी छातीकडे वाकवून वरच्या भिंगातून पायरी पाहावी. मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन पायऱ्यांपुरता घेतला आणि सोडला.

चौकाच्या कडेला सावलीत त्या बसल्या. रविवारी त्यांचे दादा इथे वर्तमानपत्र वाचत आणि पोरे या खोल्यांतून त्या खोल्यांत पळत. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू जा, खोल्या बघून ये. मी इथे बसते."

"मी थांबते ना."

"नको. मला एकटीला बसू दे जरा."

आठ महिन्यांत त्या घराबाहेर एकदाही एकट्या नव्हत्या. हे मला त्यांच्या बोलण्यावरून त्या क्षणी कळले. मी उठले. खोल्यांमधून फिरले. जाड भिंतींतले झरोके असे ठेवले आहेत की आत उजेड येतो, ऊन येत नाही. पुस्तकावर पडणारा प्रकाश कुठून यावा, याचा विचार करणारा माणूस साडेपाचशे वर्षांपूर्वी इथे होता. दर दोन मिनिटांनी मी कमानीतून चौकाकडे पाहत होते.

एकदा पाहिले, आणि त्या जागी त्या नव्हत्या.

मी धावले. डोक्यात एकाच वेळी उंच जोती, उखडलेली फरशी, कालचा १०२ चा आकडा. चौक ओलांडला, पलीकडे वळले. इमारतीचा स्फोटात गेलेला कोपरा जिथे आहे, तिथे त्या उभ्या होत्या. काठी रोवलेली, पाय अंतर ठेवून टेकवलेले, समोर तुटलेली भिंत.

"आई! केवढी घाबरले मी!"

"कोपरा बघायला आले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या लहानपणीही हा असाच होता."

त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत न दिसलेले काहीतरी होते. मी नाडी पाहण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. उसळत होती ती माझीच नाडी असणार.

मदरसा पाहून किल्ल्यापर्यंत चालत जाऊ या का, असे मी विचारले. उत्साह आता माझ्यात होता. त्या म्हणाल्या, "नको. आता दमले. गाडी बोलाव." अर्धा किलोमीटर अंतर, आठ-नऊ थांबे, सव्वादोन तास. दमल्याचे त्यांनी आपणहून आणि न संकोचता सांगितले. आदल्या दिवशी त्यांना तेच साधले नव्हते.

परतल्यावर

लातूरला आल्यावर मी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा फेरविचार केला. वाचकांनी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्र प्रवासाला निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटून उभ्या स्थितीतला रक्तदाबही मोजून घ्यावा आणि प्रवासात गोळ्यांच्या वेळा कशा ठेवायच्या, पाणी किती प्यायचे, ते विचारावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना पाण्याचे प्रमाण वेगळे असते, म्हणून हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारायचा आहे.

घरी खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव सुरू केला. सुरुवातीला दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा, समोर भक्कम टेबल ठेवून. न्हाणीघरात दांडी बसवली, उंबऱ्याला पिवळी पट्टी लावली. हे सारे आठ महिन्यांपूर्वीच करायला हवे होते. तेव्हा आम्ही घर सुधारण्याऐवजी माणसाला बसवून ठेवले.

ज्या मुला-सुनांना आपल्या वडीलधाऱ्यांना एखादे जुने गाव दाखवायचे आहे, त्यांनी बिदरला अवश्य जावे. हिवाळा उत्तम, सकाळची वेळ उत्तम. एका दिवसात एकच रस्ता धरावा, स्वच्छतागृहाची चौकशी आधी आपण करून ठेवावी, पादत्राणे मागून पट्टा असलेली असावीत. आणि कार्यक्रम आखण्यापूर्वी एकदा समोर बसून विचारावे, तुम्हाला काय पाहायचे आहे. उत्तर आपल्या यादीपेक्षा बहुधा फार लहान निघते.

आता रोज सकाळी सासूबाई कोपऱ्यावर दूध आणायला जातात. काठी नेतात, वाटेत शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसतात. जायला-यायला त्यांना पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मला घरात काही सुचत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.